आईने आधी सांगितलेला आणि मग पाहिलेला ज्वालामुखी

"सोनू, इथून ज्वालामुखी किती लांब आहे गं?"

बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी भेंडी चिरत होते. आईचा सूर असा, की जणू वाण्याचं दुकान उघडं असेल का एवढंच तिला विचारायचंय. मी म्हटलं, "आई, सिंगापूरमध्ये ज्वालामुखी नाहीये. इथली सगळ्यात उंच टेकडी बुकित तिमाह. ती तू परवा साध्या चपलांवर चढून आलीस."

"ते मला नको सांगूस. तो ग्रॅनाइट आहे. जवळचा कुठला आहे ते सांग. आणि जिवंत पाहिजे."

जिवंत! बाजारातून चिंबोऱ्या आणायच्या असल्यासारखं. मी सुरी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. तिने मोबाइल टेबलावर पालथा घातला होता आणि त्यावर हात ठेवून ती बसली होती. म्हणजे काहीतरी आलं होतं. मी मोबाइल ओढून घेतला. कराडहून तिच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दीपकचा मेसेज होता: डिसेंबरमध्ये शाळेत मेळावा ठरलाय, वाघमारे बाईंनी यायचंच, आणि आल्यावर त्यांची ज्वालामुखीची गोष्ट सांगायचीच. खाली पंचवीस-तीस जणांनी अंगठे आणि आगीच्या ज्वाळा टाकल्या होत्या.

आता वाचकहो, ही गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास कळणार नाही. माझी आई एकतीस वर्षं भूगोल शिकवत होती. मी सातवीत असताना तीच आमच्या वर्गाला होती. ज्वालामुखीचा धडा चालू असताना याच दीपकने हात वर करून विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय का?" आई म्हणाली, नाही. तर हा म्हणतो, "मग तुम्हाला काय माहीत?" वर्ग फिदीफिदी हसला. आईचे कान लाल झाले. आणि फळ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "नाही कसं? पाहिलाय. लग्नाआधी. मामांबरोबर बोटीने गेले होते."

तिला एकही मामा नाही. आणि तोवर ती पुण्याच्या पलीकडे गेलेली नव्हती. हे त्या वर्गात फक्त मला ठाऊक होतं. मी तिसऱ्या बाकावर गप्प बसले.

पुढे ती गोष्ट वाढतच गेली. दर वर्षी नवा वर्ग, आणि दर वर्षी "बाई, ज्वालामुखी सांगा." डोंगर डरकाळ्या फोडायचा, रात्रीचा दिवस व्हायचा, आईच्या चपलांचे तळवे वितळायचे. एका वर्षी तर तिने तिथली राख म्हणून काचेची बाटली वर्गात फिरवली. ती राख शेजारच्या गुऱ्हाळाच्या चुलाणातली होती. मी तिला बाटली भरताना पाहिलं होतं. आम्ही दोघी या विषयावर कधीच बोललो नाही. मला सगळं आठवतं हे तिला माहीत नव्हतं, किंवा माहीत नसल्यासारखं ती वागत होती.

आणि आता डिसेंबरात चाळीस मोठ्या माणसांसमोर उभं राहून तिला पुन्हा तेच सांगायचं होतं. तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की या वेळी तिच्याने ते होणार नाही. आता एकच वाट उरली होती: आधी जाऊन पाहून यायचं.

मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत काम करते. जहाजं कधी कुठे पोचतील याची वेळापत्रकं लावणं हाच माझा धंदा. त्या संध्याकाळी जेवणं व्हायच्या आत मी डोंगर निवडला: जावा बेटावरचा मेरापी. तुम्हीही जाणार असाल तर माझी कारणं लिहून ठेवा. सिंगापूरहून योग्याकार्ताला थेट विमान आहे, सव्वादोन तासांचं. डोंगर शहरापासून तीसेक किलोमीटरवर. आणि मुख्य म्हणजे तो गेली काही वर्षं जवळजवळ सतत चालू आहे. चार पातळ्यांच्या इशाऱ्यात तो तिसरीवर असतो, म्हणजे वर चढायला सक्त बंदी, पण ठरवून दिलेल्या अंतराबाहेरच्या गावांत राहता येतं आणि नशीब असेल तर तिथून लाव्हा दिसतो. जायच्या आधी तिथल्या सरकारी वेधशाळेचा रोजचा अहवाल बघाच. मी रोज बघत होते, हवामान बघावं तसं.

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तुआसच्या कारखान्यात रजा मिळेना. त्यामुळे आई, मी आणि दहा वर्षांची ईरा, अशा तीन पिढ्या निघायच्या ठरल्या. ईराने एकच प्रश्न विचारला, "आजी, रियल लाव्हा, गॉट ऑर नॉट?" आजी म्हणाली, "गॉट." एवढं सिंगापुरी इंग्रजी तिने इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात उचललं होतं.

शुक्रवार

व्हिसा ऑनलाइन निघतो, भारतीय पासपोर्टवरही. माणशी पाच लाख रुपिया. "पाच लाख?" आई ओरडली तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकलं. साधारण चाळीस डॉलर होतात म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, पण पुढचे चार दिवस ती प्रत्येक वस्तूची किंमत लाखांत ऐकून मनापासून खूश होत होती. "नितीन, मी आज सत्तर हजारांचं जेवण जेवले," असं ती नितीनला फोनवर माझ्या देखत सांगायची.

आईची बॅग चांगीला तपासणीत अडली. कारण काय? भाकरवडीच्या चार पाकिटांच्या मध्ये तिने सातवीचं जुनं भूगोलाचं पुस्तक, कंपास आणि दुर्बीण ठेवली होती. तपासणाऱ्या बाईंनी कंपासचं टोक बघून भुवया उंचावल्या. आई म्हणाली, "टीचर." त्या हसल्या आणि बॅग परत दिली, कंपास मात्र ठेवून घेतला.

विमानात खिडकीची जागा अर्थातच तिची. जावा दिसू लागलं तसा ढगांवर एकेक सुळका वर आला, एकामागोमाग एक, रांगेत. आईने माझा दंड असा दाबला की दोन दिवस वळ होता. "बघ बघ, रांग बघ! दक्षिणेचा समुद्रतळ या बेटाखाली घुसतोय, वर्षाला काही सेंटिमीटर, नखं वाढतात तेवढ्या गतीने. खाली खोल गेला की त्यातलं पाणी सुटतं, त्याने वरचा खडक वितळतो आणि शिलारस वर यायला वाट शोधतो. म्हणून हे सगळे एका ओळीत. हे मी फळ्यावर किती वेळा काढलंय!" पलीकडच्या सीटवरच्या गृहस्थांनी हेडफोन काढले. त्यांना मराठी येत नव्हतं, पण तेही वाकून बघू लागले.

योग्याकार्ताचा नवा विमानतळ शहरापासून चांगलाच लांब आहे. शहरात जायचं असेल तर रेल्वे स्वस्त आणि झकास. आम्हाला थेट डोंगराकडे जायचं होतं म्हणून ड्रायव्हरसकट गाडी ठरवली होती, दिवसाला साडेसहा लाखांना. ड्रायव्हरचं नाव सुगेंग. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' म्हणतात, म्हणून पाक सुगेंग. पन्नाशीचे, बारीक, मिशीत हसणारे, कामापुरतं इंग्रजी बोलणारे. आई शिक्षिका होती हे कळताच ते तिला 'इबू गुरू' म्हणू लागले. इबू म्हणजे आई किंवा बाई, आणि गुरू म्हणजे गुरूच. आईची मान जी ताठ झाली ती परत येईपर्यंत खाली आली नाही.

तुरी नावाच्या भागात आमचा होमस्टे होता, सलाकच्या बागांमध्ये. सलाक हे सापाच्या कातडीसारख्या सालीचं फळ, आत पांढऱ्या पाकळ्या, चव सफरचंद आणि अननसाच्या मधली. राखेच्या जमिनीत ते खूप गोड होतं. खोली तिघींना साडेतीन लाख, नाश्ता धरून. जेवायला गुडेग मिळालं, म्हणजे कोवळ्या फणसाची गूळ घालून तासन्‌तास शिजवलेली भाजी. आईने दोनदा वाढून घेतली आणि पुढच्या वेळी मी कांदा-लसूण मसाला घेऊन येणार असं जाहीर केलं.

डोंगर मात्र ढगात. नुसता ढगात नाही, तिथे डोंगर आहे याचा मागमूसही नाही.

ईरा वैतागली. "मम्मा, ही फ्लाय एअरोप्लेन ऑर व्हॉट?" म्हणजे सिंगापुरी इंग्रजीत, यायचं कबूल करून त्याने दांडी मारली का? मग तिने खरा प्रश्न विचारला. सुट्टीत कराडला पाहिलेला आगाशिवचा डोंगरही लाव्हाचाच, असं आजी म्हणते, मग तो वर सपाट का आणि हे सुळके टोकदार का? आईचा चेहरा उजळला. तिने ताटातला भात पुढे ओढला.

"आपल्याकडे जमीन लांबच लांब फाटली, आणि रस आला तो पातळ. धिरड्याच्या पिठासारखा. पसरला, वाळला, त्यावर पुन्हा पसरला. म्हणून सह्याद्रीच्या पायऱ्या. इथला रस घट्ट, शिऱ्यासारखा. तो पसरत नाही, तोंडाशीच ढीग करतो. मग आत वायू कोंडतो आणि फुटतो, तेव्हा राख आणि दगड उडतात. एक थर लाव्हाचा, एक थर राखेचा, पुन्हा लाव्हा, पुन्हा राख." तिने भाताचा शंकू केला, त्यावर फणसाची भाजी, वर पुन्हा भात. मग वरचा गोळा बोटाने ढकलला. तो घसरत ताटाच्या कडेला आला. "मेरापी बहुतेक वेळा असा फुटतो. माथ्यावरचा घुमट वाढत जातो आणि स्वतःच्याच वजनाने कोसळतो. मग जो तापलेला ढग खाली धावतो, त्याच्यापुढे माणूस पळू शकत नाही."

ईरा ताटाकडे बघत राहिली. "ओके, दॅट वन पावरफुल," ती म्हणाली, आणि शंकू खाऊन टाकला.

शनिवार

साडेचारचा गजर. अंगणात जाऊन पाहिलं: ढग. सहाला: ढग. नाश्त्यानंतर: जाडसर ढग. स्थानिक लोक सांगतात की डोंगर पहाटे दिसतो आणि आठ-नऊनंतर तोंड लपवतो, त्यामुळे तुम्ही गेलात तर सकाळी आरामात उठण्याची सुट्टीतली सवय विसरा.

मग आम्ही दक्षिण उताराची जीप घेतली. जुन्या, उघड्या जीप असतात, मध्यम लांबीच्या फेरीला एका जीपचे साधारण साडेचार लाख, चौघं बसतात. पाक सुगेंग गाडी लावून आमच्याबरोबर आले. रस्ता म्हणजे लहारची, म्हणजे राख आणि पावसाच्या पाण्याच्या चिखलाची, वाट. जीप जेवढी उडते तेवढी आई हसते. मी दोन्ही हातांनी तिला धरलेलं, आणि ती एका हाताने पदर, दुसऱ्या हाताने दुर्बीण सांभाळत, "अजून जोरात घ्या म्हणावं!" ईराची किंकाळी आणि आजीची किंकाळी यांत फरक करता येईना. शेवटी नदीच्या पात्रात जीपच्या ड्रायव्हरने मुद्दाम पाणी उडवलं आणि आम्ही तिघी कमरेपर्यंत भिजलो. आई म्हणाली, हे आधी कळलं असतं तर मी ज्वालामुखीऐवजी जीपचाच धडा घेतला असता.

वाटेत एका पडक्या घरात छोटं संग्रहालय आहे. तिथे आमचं हसू थांबलं. २०१० साली मेरापी शंभरेक वर्षांत नव्हता एवढा मोठा फुटला. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. त्या घरात वितळून वाकलेले चमचे होते, गाईचा सांगाडा होता आणि मध्यरात्री थांबलेलं एक घड्याळ होतं, काटे तसेच. पाक सुगेंग आत आले नाहीत. त्यांचं गाव तिथून जवळच होतं. ते, त्यांची बायको आणि मुलगी आधीच्या संध्याकाळी खाली गेले म्हणून वाचले, घर आणि दोन गाई गेल्या. आता सरकारने दिलेल्या खालच्या वस्तीत राहतात. मी विचारलं, राग नाही येत डोंगराचा? ते म्हणाले, "आम्ही तो फुटला असं म्हणत नाही. आम्ही म्हणतो, त्याच्या घरी कार्य आहे. कार्य असलं की पाहुण्यांनी वाट सोडायची." मी ते मराठीत सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगदी आपल्यासारखंच बोलतात गं हे."

बाहेर आल्यावर आईने कडेच्या ओघळीतून मूठभर राख उचलली. बोटांत चोळली आणि एकदम हात मागे घेतला. "टोचतेय!" मग ती ओशाळून हसली. ही राख जळक्या लाकडाची नसते. तो खडकाचा आणि काचेचा बारीक चुरा असतो, इतका कठीण की विमानाची इंजिनं बंद पडतात. आई म्हणाली, "हे पुस्तकात आहे. मी शिकवलंय सुद्धा. पण हातात मात्र..." तिने हात पदराला पुसला. मला गुऱ्हाळाची बाटली आठवली, आणि तिलाही आठवली असणार, कारण ती माझ्याकडे बघेना.

दुपारी तिने पाक सुगेंगना भाकरवडीचं अख्खं पाकीट दिलं. मला वाटलं प्रेमाने. मग ती मला म्हणाली, "विचार त्यांना, वर जायला बंदी आहे त्या अडसराच्या थोडं पलीकडे नेतील का. ढगाच्या आत गेलं तर दिसेल." मी मान खाली घालून विचारलं. त्यांनी पाकीट मिटवून सीटवर ठेवलं. "इबू गुरू, तुम्ही तुमच्या वर्गात परीक्षेआधी पेपर दाखवायचात का?"

"कधीच नाही," आई म्हणाली.

"मग मीही नाही." आणि त्यांनी पाकीट पुन्हा उघडलं. आई एवढी खजील झाली की तिने संध्याकाळपर्यंत डोंगराचं नावसुद्धा काढलं नाही.

रविवार

पहाट: ढग. या वेळी ईरा परत जाऊन झोपली.

आम्ही बोरोबुदुरला गेलो. आम्ही बौद्ध, त्यामुळे आईच्या मनात ही जागा लहानपणापासून होती, ज्वालामुखीच्याही आधीपासून. वर चढायचं तिकीट वेगळं असतं, महाग आणि मर्यादित, तेव्हा आधी ऑनलाइन काढा. दगड झिजू नये म्हणून प्रत्येकाला विणलेल्या मऊ चपला देतात. पायऱ्या चढताना गाइड सांगत होता की हे सगळे दगड इथल्या ज्वालामुखींच्या लाव्हाचेच, आणि २०१०च्या उद्रेकात अख्खं स्मारक राखेने झाकलं गेलं, तेव्हा गावकऱ्यांनी ते झाडून पुसून स्वच्छ केलं. आई एका कोरीव भिंतीला हात न लावता, हात लावल्यासारखी उभी राहिली. मग वरच्या गोल चौथऱ्यावर जाळीदार स्तूपांच्या मध्ये आम्ही बसलो. तिथून पूर्वेला मेरापी दिसायला हवा होता. तिथे एक राखाडी गोधडी पसरली होती.

आईने वंदना म्हटली. मग म्हणाली, "सोनू, तुला एक सांगायचंय. मी शाळेत..."

मी हे तीन दिवस नाही, सव्वीस वर्षं टाळत आले होते. पण तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला राहवेना. "माहितीये आई. मी वर्गात होते."

"तू नव्हतीस त्या दिवशी. तुला ताप होता."

"ताप पुढच्या आठवड्यात होता. मी तिसऱ्या बाकावर होते. तू म्हणालीस, मामांबरोबर बोटीने."

तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. जवळ जाऊन पाहिलं तर ती हसत होती. खांदे गदगदत होते. "मामा कुठून आणले गं मी?" मग मलाही आवरेना. "आणि चपला, आई! वितळलेल्या चपला!" ती म्हणाली, "आणि राख! त्या बाटलीला तर काकवीचा वास येत होता!" आम्ही दोघी विशीतल्या मुलींसारख्या एकमेकींवर कोसळत हसलो. सुरक्षारक्षकाने दुरून बोट ओठांवर ठेवलं, त्याने तर हसू अजूनच अनावर झालं. ईरा म्हणाली, "यू ऑल सो एम्बॅरेसिंग," आणि दोन स्तूप पलीकडे जाऊन बसली.

हसू ओसरल्यावर आईने डोळे पुसले. "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"गोष्ट छान होती ना."

ती ढगांकडे वळली. "उद्या दिसला नाही ना, सोनू, तर मी मेळाव्याला जाणार नाही. त्या पोरांसमोर पुन्हा खोटं बोलणार नाही, आणि खरं सांगायला हातात काहीतरी पाहिजे. नुसतं 'मी खोटं बोलले' एवढंच सांगायची माझी हिंमत नाही." हे ती हसत नव्हे, सरळ सांगत होती. तिच्या एकतीस वर्षांच्या नोकरीतले सगळ्यात लाडके विद्यार्थी, आणि त्यांना भेटायला जायचं की नाही हे आता एका सकाळच्या ढगांवर अडलं होतं. आमचं विमान सोमवारी दुपारी होतं.

सोमवार

चारला दारावर थाप पडली. पाक सुगेंग. ते रात्री घरी गेलेच नव्हते, गाडीत झोपले होते. एवढंच म्हणाले, "इबू गुरू. चला."

आम्ही स्वेटरवर शाली, शालींवर रेनकोट अशा अवतारात बाहेर आलो. अंगणात पाऊल टाकलं आणि मी थांबले. चांदण्या होत्या. आणि चांदण्यांच्या खाली, जिथे तीन दिवस काहीच नव्हतं, तिथे आकाशाचा एवढा मोठा तुकडा काळा होता, की तो डोंगर आहे हे कळायला वेळ लागला. इतका जवळ! इतका उंच! तीन दिवस आम्ही त्याच्या पायाशी जेवत होतो, भांडत होतो, सलाक सोलत होतो, आणि तो वरून बघत होता.

सलाकच्या बागेपलीकडे एक मोकळं शेत आहे. तिथे गावातली चार-पाच माणसं आधीच उकिडवी बसली होती, चहाचा थर्मास घेऊन. आईला त्यांनी प्लास्टिकची खुर्ची दिली. ती बसली नाही.

मग माथ्याच्या जरा खाली एक लाल ठिपका उजळला. विडी ओढल्यावर पेटावी तेवढाच. तो सुटला. खाली घरंगळला, त्याचे दोन झाले, पाच झाले, आणि मग अंधारात लाल दाणे सांडत सांडत एक रेघ खाली उतरत गेली. सगळं निःशब्द. आईने बोट वर केलं, बोलायला तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठे आवाज आला. डरकाळी नाही. ट्रकमधून खडी ओततात तसा, लांबून, सावकाश.

"आजी!" ईरा कुजबुजली. "आजी, दिसला! खरंच दिसला!" तिने ते मराठीत म्हटलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आईने माझा हात पकडला होता. पुन्हा एक ठिपका, पुन्हा रेघ. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पूर्वेला उजेड फुटला तसे लाल दाणे फिके झाले आणि डोंगराचं अंग दिसू लागलं: राखाडी, ओरखडलेलं, माथ्यावर डावीकडे फुगलेला घुमट आणि त्यातून सरळ वर चाललेली पांढरी वाफ. उतारावर एक छोटासा धुरळ्याचा लोट उठला आणि फुगत, कुरळा होत खाली आला. पाक सुगेंग म्हणाले, अशा ढगांना आम्ही झिपऱ्या मेंढ्या म्हणतो. छोटा कळप आहे, काळजी नको.

मी आईला विचारलं, "कसा आहे?" तिने दुर्बीण खाली घेतली. मग म्हणाली, "किती शांत आहे गं. मी उगाच एवढा आरडाओरडा घातला होता त्यात."

साडेसातला ढग आले आणि डोंगर गेला. आम्ही नाश्त्याला जाडाह तेंपे खाल्लं, म्हणजे चिकट भाताच्या वड्यांमध्ये गोडसर सोयाबीन. निघताना आईने पाक सुगेंगना उरलेली भाकरवडी दिली. या वेळी खरंच प्रेमाने. त्यांनी हात जोडले. विमानात ती चांगीपर्यंत गाढ झोपली, तोंड उघडं, दुर्बीण मांडीवर.

घरी

प्रवासाहून येऊन आता पाच महिने झाले. खर्च विचाराल तर चार दिवसांचा, तिघींचा मिळून सिंगापूरहून बालीला जाऊन हॉटेलच्या तलावात डुंबण्यापेक्षा कमीच आला. ईराने शाळेत जावाच्या ज्वालामुखी पट्ट्यावर प्रकल्प केला आणि भाताऐवजी मातीचा शंकू नेला. मी अजूनही कधी कधी सकाळी ऑफिसला जाताना वेधशाळेचा अहवाल उघडते. मेरापी चालू आहे. बरं वाटतं.

आई ऑगस्टमध्ये कराडला परत गेली. मागच्या रविवारी मेळावा झाला. दीपकने व्हिडिओ कॉल लावून फोन पुढच्या बाकावर उभा केला होता. बिशानमध्ये आम्ही तिघं टेबलाशी चिकटून बसलो. तिकडे तोच वर्ग, त्याच बाकांवर पोटं सुटलेली, केस पिकलेली माणसं कोंबून बसलेली. आई उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, "बाई, ज्वालामुखी!"

आई म्हणाली, "आधी एक ऐका. मी तुम्हाला वर्षानुवर्षं सांगितलं, ते खोटं होतं. मी तेव्हा ज्वालामुखी पाहिलेला नव्हता. मला मामाही नाहीत."

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. कुणीतरी खोकलं. मग दीपक उठला. कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर आहे तो आता, चांगला आडवा झालाय. तो म्हणाला, "बाई, म्हणजे माझ्यामुळेच ना?" आणि वर्ग असा फुटला की फोन बाकावरून आडवा पडला. कुणीतरी उचलून परत उभा केला तेव्हा दीपक हात जोडून उभा होता आणि आई त्याला खाली बस म्हणत होती.

"आता पाहिलाय," ती म्हणाली. "आता खरी सांगते." आणि तिने सांगितली. दहा मिनिटं. ढग, जीप, टोचणारी राख, पाक सुगेंगांच्या दोन गाई, अंधारातला लाल ठिपका. आवाज तिने वाढवला नाही, उलट मागच्या बाकावरचे पुढे सरकून बसले.

शेवटी कुणा बाईने विचारलं, "बाई, भीती वाटली का?"

"हो गं, वाटली," आई म्हणाली. "पण माझी सोनू हात धरून उभी होती. ती त्या दिवशी इथेच होती, तिसऱ्या बाकावर. तिला सगळं माहीत होतं. आणि इतक्या वर्षांत तिने एकदाही हात वर केला नाही."

चाळीस माणसं वळून फोनकडे बघू लागली. मला काही दिसेना. ईरा म्हणाली, "मम्मा, व्हाय यू क्राय? आजी सो हॅपी." दीपकने फोन उचलून आईकडे नेला. तिने तो इतका जवळ धरला की नुसतं कपाळ आणि चष्मा दिसत होता.

"सोनू, दिसतेय का गं मी नीट?"

"दिसतेस आई," मी म्हटलं.